धनेशीण आणि चोचीएवढी फट

ही गोष्ट मी कुणाला सांगायची नाही, असे ठरले होते. आमचे आजोबा आणि त्यांच्याबरोबर निवृत्त झालेले मित्र पेन्शनच्या ऑफिसात जातात, बंद दाराबाहेरच्या बाकावर बसून राहतात, आणि घरी आले की आजोबा मला ही गोष्ट थोडी थोडी सांगतात. "आमचं काम अजून आत अडकलंय, तोवर बाहेर बोलू नकोस," ते म्हणतात. "कोल्ह्याला वाईट वाटेल." पण कोल्हे काही मुलांच्या गोष्टी वाचायला बसत नाहीत. म्हणून तुम्हाला हळूच सांगते.

डोंगरातल्या एका जंगलात धनेश पक्ष्यांचे एक म्हातारे जोडपे राहत असे. धनेशाला आता दिसत नव्हते. तो ऐनाच्या झाडावरच्या ढोलीत बसून असे आणि धनेशीण त्याला भरवत असे. धनेश पक्ष्यांची रीत तुम्हाला कदाचित ठाऊक असेल. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि दार चिखलाने लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. पिल्ले जरा मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून तिला भरवतो. या धनेशाने कितीतरी उन्हाळे असे भरवले होते. आता पाळी उलटली होती. "उसनं फेडतेस होय गं?" असे तो चेष्टेने विचारी. "गप्प बसा आणि चोच उघडा," असे ती म्हणे.

तिचेही पंख आता थकले होते. पण थकलेल्यांसाठी जंगलात एक चांगली सोय होती. ओढ्याकाठी एक जुने, आतून पोकळ झालेले आंब्याचे झाड होते. धडधाकट असताना प्रत्येकाने आपल्या मिळकतीतला थोडा वाटा त्या पोकळीत टाकायचा. फणसाच्या आठळ्या, सुकी उंबरे, जे असेल ते. मग अंग थकले की तिथून शिधा घ्यायचा. राखणीला कोल्हा आणि मुंगूस होते. शिधा काढायचे तोंड खोडाच्या मागच्या बाजूला होते. त्यावर दगडी चीप असे आणि ती फक्त राखणदार सरकवत.

पूर्वी त्या खोडाला पुढच्या बाजूने एक चीर होती. येणारा-जाणारा तिच्यातून आत डोकावे आणि विचारी, "उंबरं कमी दिसतात, कुठं गेली?" कोल्हा चोर नव्हता, पण रोजच्या या प्रश्नांचा त्याला कंटाळा आला. एके दिवशी त्याने चोरांची भीती सांगून चीर बुजवायचे ठरवले. सगळ्यांना ते पटले. एवढेच नव्हे, तर जंगलात लिंपण उत्तम कुणाचे, तर धनेशिणीचे. म्हणून तिनेच चिखल आणून ती चीर घट्ट बंद करून दिली. फट न ठेवता केलेले तिचे ते पहिलेच लिंपण.

यंदा उन्हाळा संपत आला तेव्हा शिधा निम्मा झाला. मग मूठभर. धनेशिणीने त्यातले एक उंबर धनेशाच्या चोचीत ठेवले, तर त्याने ते थुंकून टाकले.

"कुबट लागतंय," तो म्हणाला. "डोळे गेलेत माझे, जीभ नाही गेली."

पावसाळा तोंडावर होता. भिजलेल्या, थकलेल्या पंखांनी लांब उडणे तिला जमणार नव्हते. शिधा असाच राहिला, तर पावसात धनेश उपाशी मरणार होता.

ती आंब्यापाशी गेली आणि शिधा का घटला, असे तिने विचारले. मुंगूस म्हणाले, कोल्हेदादा कामात आहेत, पौर्णिमेच्या सभेत विचारा. पौर्णिमेला गेली, तर सभा अमावास्येवर गेली होती. अमावास्येला ती एकटी गेली नाही. शिधा घेणारी सगळी म्हातारी मंडळी बरोबर होती. त्यांत एक बहिरा ससा होता आणि एक कासवही होते. मुंगसाने पुन्हा पौर्णिमेचे नाव काढताच कासव म्हणाले, "मला कधी घाई नसते हे खरं, पण एवढीही सवड नाही."

सगळे हसले. तेवढ्यात कोल्हा स्वतः बाहेर आला. त्याने सर्वांना नमस्कार केला, सशाच्या गुडघेदुखीची चौकशी केली आणि मग अगदी दुखावल्या आवाजात म्हणाला, "आजी, इतकी वर्षं आम्ही ऊनपाऊस न बघता राखण करतोय. तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?"

यावर एकेक जण मागे सरकू लागला. ससा तर, ऐकू काहीच आले नसताना, सर्वांच्या आधी खाली मान घालून घरी निघाला. धनेशीणही ओशाळून परतली.

तिने सगळे धनेशाला सांगितले. तो म्हणाला, "तू आत कोंडून बसायचीस, तेव्हा माझ्यावर विश्वास होता ना तुझा?"

"नसता तर दार लिंपून घेतलं असतं का?"

"मग फट कशाला ठेवायचीस?"

खाण्यासाठी, असे ती म्हणणार होती. पण तिला ते दिवस आठवले. धनेश खाणे घेऊन येई तो अधूनमधून. तिचा डोळा मात्र दिवसभर त्या फटीला लागलेला असे. बाहेरची फांदी दिसे, फांदीवरचे ऊन दिसे, आणि ते दिसत होते म्हणूनच अंधारात मन शांत राही. आणि पिल्ले श्वास घेत, तोही तिथूनच येणाऱ्या वाऱ्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सर्वांना पुन्हा गोळा केले. कोल्ह्याने कालचाच प्रश्न कालच्याच आवाजात विचारला. या वेळी ती ओशाळली नाही.

"विश्वास आहे म्हणून तर विचारायला तुमच्याकडे आले," ती म्हणाली. "ढोली उघडी टाका, असं मी म्हणत नाही. चोचीएवढी फट द्या. डोळा आत जाईल, हात जाणार नाही."

कोल्हा म्हणाला, पाणी आत जाईल. तिने वर आडोसा लिंपून द्यायचे कबूल केले. कोल्हा म्हणाला, मुंग्या जातील. कासव म्हणाले की मुंग्या आत जायला कधी कुणाची परवानगी मागत नाहीत. कोल्ह्याने तिसरे कारण शोधायला तोंड उघडले, पण ते सापडेना. मुंगूस त्याच्या कानाशी लागले आणि म्हणाले, "दादा, सांगून टाकू या. मला आता झोप येत नाही."

कोल्ह्याची शेपटी खाली गेली.

"फट पाडली," तो म्हणाला, "तर आधी वास बाहेर येईल."

मग सगळी हकीकत बाहेर आली. चीर बुजल्यापासून आत वारा जाईना. दमट हवा कोंडली, तळाला बुरशी धरली. राखणदारांच्या ते लक्षात आले, पण ज्यांच्या प्रश्नांना कंटाळून चीर बुजवली, त्यांनाच हे कोणत्या तोंडाने सांगायचे? म्हणून ते गप्प राहिले, उरलेले जास्त दिवस पुरेल अशा बेताने शिधा कमी करत गेले, आणि गप्प राहिले तितकी बुरशी वर चढत गेली.

मंडळी खवळली. कोल्ह्याला जंगलाबाहेर काढा, असे चहूकडून आवाज उठले. धनेशीणही रागावली होती. पण ती म्हणाली, "भांडण टिकतं, बिया टिकत नाहीत. आधी सगळं उन्हात घाला. त्याचं काय करायचं ते मग बघू."

आणि तिने स्वतःच्या चोचीने स्वतःचेच लिंपण फोडले. वास असा आला की ससा म्हणाला, हा तर मलाही ऐकू आला. सगळ्यांनी मिळून ढोली रिकामी केली, तेव्हा सर्वांत जास्त खेपा कोल्ह्याने घातल्या. ओढ्याकाठच्या कातळावर उन्हात पसरल्यावर कळले की तळचे कुजले आहे, पण वरचे पुष्कळ वाचले आहे. आणखी महिनाभर कुणी विचारले नसते, तर तेही गेले असते. काही आठळ्यांना मोड आले होते. त्या कासवाने ओढ्याकाठी लावल्या. "मी फणस खाऊनच जाणार आहे," असे त्याने सर्वांना बजावले.

मग सभा झाली, आणि ती त्याच दिवशी झाली. राखण कोल्ह्याकडे आणि मुंगसाकडेच राहिली, पण धनेशीण आणि कासव त्यांच्या जोडीला बसू लागले. किती आले, किती गेले, हे दर अमावास्येला कोल्ह्याने सर्वांसमोर सांगायचे ठरले. आणि खोडाला राहिली चोचीएवढी फट, वर आडोसा असलेली. पहिल्या दिवसांत कुणी डोकावले की कोल्हा फुरंगटून दुसरीकडे बघे. पुढे पुढे तोच म्हणू लागला, "जरा डावीकडून बघा, तिथून उंबरं नीट दिसतात."

पाऊस सुरू झाला तेव्हा धनेशिणीने शिध्यातले एक उंबर धनेशाच्या चोचीत ठेवले. त्याने ते सावकाश खाल्ले.

"आता कसं लागतंय?" तिने विचारले.

"एकावरून काय सांगू?" तो म्हणाला. "अजून एक दे."

तात्पर्य : जिथे डोळ्याला वाट नाही, तिथे वाऱ्यालाही नाही, म्हणून चारचौघांची ठेव राखणाऱ्याने फट ठेवावी, आणि ज्यांची ठेव आहे त्यांनी त्या फटीतून डोकावायला लाजू नये. अजून एक सांगायचे होते, पण आजोबा चपला घालून दारातून हाका मारताहेत, आज त्यांना बाकावर न बसवता आत बोलावले आहे आणि ते म्हणतात की मीसुद्धा त्यांच्याबरोबर यावे, म्हणून निघते.