पन्नासावा ठसा

“…मग अडतं कुठे नेमकं?” ऊनाने मान वर न करताच विचारलं.

“तेच तर कळत नाही,” फिन्टन म्हणाला. “पत्रा समोर घेतो, कोरणी उचलतो… आणि संध्याकाळ होते.”

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, पूर्वी मासळी खारवायच्या एका शेडमध्ये म्हाताऱ्या ऊनाची छापशाळा होती. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यात शाई भरायची आणि कागदावर ठसे काढायचे, हे फिन्टन तिच्याच हाताखाली शिकला. पुढे त्याचं एक चित्र फार गाजलं. उलटी होडी डोक्यावर घेऊन समुद्राकडे निघालेली तीन माणसं. होडीखाली दिसतात ते नुसते सहा पाय. त्या चित्राने त्याला डब्लिनला नेलं, नाव दिलं, वर थोडी ऐटही दिली.

त्याला सात वर्षं झाली. त्यानंतर एक धड चित्र हातून उतरलं नव्हतं. आपल्यात होतं नव्हतं ते संपलं की काय, या भीतीने त्याला पार पोखरलं होतं. तरी येताना तो गाजलेला पत्रा फडक्यात गुंडाळून आणायला विसरला नाही. आपण कोण आहोत ते बाईंना दिसायला नको?

ऊनाने फडकं सोडलं.

“किती ठसे काढायचे ठरले होते?”

“पन्नास.”

“काढलेस?”

“…एकोणपन्नास.”

ठरलेले ठसे निघाले की पत्र्यावर आडवी रेघ मारायची, म्हणजे पुन्हा कुणी त्यातून ठसा काढू नये, अशी त्या कामातली रीत. एक ठसा बाकी आहे तोवर रेघ मारावी लागत नाही. फिन्टनने ही पळवाट सात वर्षं जिवापाड जपली होती.

ऊनाने कोरणी पुढे केली.

“मार रेघ.”

“आधी शेवटचा ठसा तर काढू द्या.”

“रेघ मार. मग काढू.”

“ऊना, तो बिघडेल हो!”

ती आपली नखांतली शाई काढत बसली. फिन्टनला पत्रा उचलून निघून जाता आलं असतं. दाराकडे त्याने दोनदा पाहिलंही.

मग त्याने कोरणी टेकवली. होडीवरून, सहाही पायांवरून रेघ ओढली. मध्येच कोरणी घसरली आणि रेघ वाकडी गेली. त्याला रडू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

ऊनाने पत्र्यात शाई भरली. दोघांनी मिळून यंत्राचं जड चाक फिरवलं. ओला कागद तिने खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाहत राहिली.

“बिघडलं ना सगळं?”

तिचं बोट होडीवर नव्हतं, पायांवरही नव्हतं. त्या वाकड्या रेघेशेजारून ते सावकाश फिरत होतं. रेघ संपली तसं तिने कानावरची पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली.

“सही कर… आणि तारीख आजची घाल.”