इद्दीन नाव सोडतो
फरात नदीच्या काठी, उंच तटाच्या एका शहरात, इद्दीन नावाचा भोळा नोकर होता. भोळा हे आपलं बरं दिसावं म्हणून. बैल म्हटलं असतं, पण बैलाला निदान गोठा कळतो. चाळिशी उलटली तरी हा आईला विचारल्याशिवाय शिंकत नसे.

तिथला राजा मोठा पराक्रमी. निदान तो स्वतः तसं रोज सांगायचा. एकदा त्याच्या मनानं घेतलं, रानातला राक्षस मारायचा. वाटेत शेजारचं राज्य. त्या राजाला पत्र धाडलं. तिकडे कागद नव्हता, मातीच्या ओल्या पाटीवर टोचून लिहायचं नि उन्हात वाळवायचं. ती पोचवायला इद्दीनच्या हातात आली.

म्हातारी शीमत, त्याची आई, म्हणाली, "परक्या राजापुढे मळकं काही नेऊ नकोस. धुऊन ने." तिला म्हणायचं होतं अंगरखा.

इद्दीननं नदीवर पाटी धुतली. चांगली घासून धुतली. शेजारच्या राजाच्या हातात चिखलाचा गोळा ठेवला.

"तुझ्या राजानं मला चिखल पाठवला?"

"हो महाराज. पण स्वच्छ आहे."

लढाई व्हायची ती थोडक्यात टळली. शीमतनं कपाळ बडवलं. "अरे मेल्या, असली वस्तू धुतात का? भट्टीत घालून पक्की करतात, मग वाटेला लावतात!"

"बरं आई."

पुढं राजानं प्रवासासाठी वेताची नाव विणून घेतली. पाणी शिरू नये म्हणून वरून डांबराचा जाड थर. "इद्दीन, नाव पक्की कर. निघायचंय."

इद्दीननं ती विटांच्या भट्टीत घातली. डांबरच ते. धूर तीन गावांना दिसला.

राजा कडाडला, "आता एक जरी चूक केलीस, तर जन्मभर विटांचा चिखल तुडवशील. तुझ्या म्हातारीसकट!"

शीमतचे गुडघे आधीच गेलेले. ती रडकुंडीला आली. "लेका, नीट ऐक. डांबर फासलेलं दिसलं की भट्टीत नाही, नदीत ढकलायचं. बांबूनं लांब लोटायचं. नवं असतं, कुरकुर करतं. ऐकायचं नाही. लोटायचं!"

"कुरकुरलं तरी लोटायचं. बरं आई."

दुसरी नाव तयार झाली. निघायच्या दिवशी राजवैद्यानं अक्कल चालवली. राक्षसाचे दात रुतू नयेत म्हणून राजाला शेंडीपासून टाचेपर्यंत डांबर फासलं. शहाण्यांचीही त्या शहरात ही तऱ्हा. राजा तसाच काळाकुळकुळीत घाटावर येऊन उभा राहिला.

इद्दीननं त्याला खालून वर पाहिलं. वरून खाली पाहिलं. आणि दिला धक्का.

"अरे गाढवा, मी राजा आहे!"

"कुरकुरतंय," इद्दीन म्हणाला, आणि बांबू लावला.

"फासावर देईन तुला!"

"फारच नवं दिसतंय." इद्दीननं आणखी जोर लावला. प्रवाहानं उचललं. राजा बुडाला मात्र नाही. डांबर चोख होतं.

शीमत लंगडत धावत आली. "झालं का रे नीट?"

"झालं आई. नाव सोडली."

"मग ही काठाला बांधलेली कुणाची?"

"कुणाची का असेना."

"आणि राजा कुठाय?"

"अजून आला नाही. मोठी माणसं, उशीर करणारच."

पुढं भाटांनी त्यावर मोठं गाणं रचलं. आमचा राजा मरणाला जिंकायला एकटाच समुद्रापार गेला, म्हणे.

गेला डोंबल! लोटला.