यादीतले पहिले नाव

एकदा एका पंपांच्या कारखान्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचे आगमन झाले. तिने कित्येक वर्षांच्या खरेदीच्या नोंदी एका दुपारात वाचून काढल्या आणि निर्वाळा दिला, की हा कारखाना पोलाद, तांबे आणि रबर यांपेक्षा अधिक खरेदी अगरबत्तीची करतो. तेव्हा एकाच अगरबत्तीवाल्याशी वर्षभराचा करार करावा, भाव चांगला मिळेल.

मालक आधी पोट धरून हसले. मग त्यांच्या लक्षात आले, की याच नोंदींच्या भरवशावर आपण माल मागवतो. मग मात्र त्यांचे हसू मावळले.

कारखाना मध्यम आकाराचा होता. लहान कारखान्यात मालकाला प्रत्येक खिळा ओळखीचा असतो, अवाढव्य कारखान्यात नोंदी सांभाळायला फौज असते. मधल्यांचे मात्र हाल असतात. तिथे खिळे फौजेइतके आणि माणसे चार. ही चार माणसे म्हणजे खरेदी विभाग, आणि त्याची प्रमुख शर्वाणी. हुशार, तडफदार आणि प्रश्न पुरता व्हायच्या आत उत्तर देणारी. एआय आणायचा हट्ट तिनेच धरला होता.

मालकांनी तिला सुनावले, "दिवाळीपर्यंत हा घोळ निस्तरा. नाही जमलं, तर खरेदीचं काम बाहेरच्या कंपनीला देतो आणि विभागाला कुलूप लावतो."

शर्वाणीला त्या रात्री जेवण गेले नाही. स्वतःची तिला फारशी काळजी नव्हती, तिला कुठेही नोकरी मिळाली असती. पण तिच्या हट्टापायी उरलेल्या तिघांच्या घरची चूल विझणार होती.

तिच्या आधी नीळकंठराव हे त्या विभागाचे प्रमुख होते. निवृत्त झाल्यावरही ते दर मंगळवारी कारखान्यात येत. शर्वाणीला खरेदीची बाराखडी त्यांनीच शिकवलेली. ती त्यांच्यापुढे जाऊन बसली.

"सर, कारण सापडलंय. आलेल्या मालाची संगणकात नोंद करताना यादीतून वस्तूचं नाव निवडावंच लागतं, त्याशिवाय संगणक पुढे सरकतच नाही. आणि यादीत पहिलं नाव आहे अगरबत्ती. रोजच्या पूजेला लागते ना, म्हणून. ज्याला नाव सापडत नाही तो पहिल्यावर बोट ठेवतो आणि मोकळा होतो."

"मग? काय करणार आहेस?"

तिने एक परिपत्रक पुढे केले. चुकीची नोंद करणाऱ्यास कारणे दाखवा नोटीस, दुसऱ्यांदा चुकल्यास पगारवाढ बंद.

नीळकंठरावांनी ते शांतपणे वाचले, त्याची घडी केली आणि आपल्या चहाच्या कपाखाली ठेवली. "भाषा उत्तम आहे," ते म्हणाले. "आता एक काम कर. यादीत अगरबत्तीच्याही वर एक नवं नाव घाल. 'माहीत नाही.' आणि सगळ्यांना कळव, जो कोणी हे नाव निवडेल, त्याला मंगळवारी माझ्याकडून चहा. तुझ्या त्या एआयलाही हीच मुभा दे. खात्री नसेल तिथं त्यानं उत्तर देऊ नये, विचारावं."

शर्वाणीला वाटले, सरांचे वय झाले. अज्ञान हटवायचे सोडून हे त्याला पायघड्या घालत आहेत! पण गुरूचा शब्द मोडायची तिची प्राज्ञा झाली नाही.

पहिल्या आठवड्यात 'माहीत नाही'चा डोंगर उभा राहिला. मालकांनी तो पडद्यावर पाहिला आणि ते कडाडले, "एवढे पैसे ओतून मी यंत्राला काय शिकवलं, तर 'माहीत नाही' म्हणायला? हे तर मला फुकटात येत होतं!"

मंगळवारी चहाला पहिला आला स्टोअरकीपर दस्तगीर मुलाणी. खुर्चीच्या कडेवर टेकला. हा चहा कसला, यात काही डाव तर नाही, अशा नजरेने तो कपाकडे पाहत होता.

"भाऊ, अगरबत्ती का निवडायचात?" नीळकंठरावांनी विचारले.

"खरं सांगू का सायेब? शाफ्टवर बसतं ते रबराचं कडं घ्या. आमी त्याला कडं म्हणतो, जोडणीवाले सील म्हणत्यात, बिलात तिसरंच कायतरी छापून येतं. यादीत तिन्ही नावं हायेत. त्यातलं एक निवडलं आन् चुकलं, तर बोलणी खायची. कुणाला विचारायला जावं, तर 'एवढंबी कळत न्हाई का?' म्हणत्यात. अगरबत्ती निवडली की कुणीच कायबी विचारत न्हाई बघा."

शर्वाणीने मान खाली घातली. 'एवढंही कळत नाही का?' हे वाक्य तिचेच होते.

त्या दिवसापासून काम वेगळ्या रीतीने सुरू झाले. एआय रोज सकाळी त्या डोंगरातले थोडे प्रश्न काढी आणि ज्याला उत्तर ठाऊक असण्याचा संभव, त्यालाच विचारी. कडे आणि सील एकच का? हो. मग हा बोल्ट आणि तो बोल्ट? नाही, आटे वेगळे आहेत. माणसे उत्तरे देत, यंत्र ती ध्यानात ठेवी, आणि एकाच वस्तूची विखुरलेली नावे एका नावाखाली येऊन बसत. डोंगर खचू लागला. मग ते यंत्र जुन्या नोंदींकडे वळले.

याच सुमारास जोडणी विभाग थंडावला. एका गावाच्या पाणीयोजनेचे पंप तयार होते, पण संगणक म्हणत होता, सील शिल्लक नाही. पुरवठादाराकडेही माल नव्हता. मालकांनी शर्वाणीला बोलावून एवढेच सांगितले, "दिवाळीची वाट बघायची आता गरज वाटत नाही. बाहेरच्या कंपनीला उद्या फोन करतो."

ती जड पावलांनी जागेवर आली. पडद्यावर यंत्राचा एक प्रश्न तिची वाट पाहत होता.

'रबराचे सुटे भाग बनवणाऱ्या पुरवठादाराकडून अगरबत्तीची खोकी आल्याची नोंद आहे. रबरवाला अगरबत्ती विकतो का? मला माहीत नाही.'

शर्वाणीने प्रश्न वाचला, पुन्हा वाचला आणि स्टोअरकडे धूम ठोकली. "दस्तगीरभाऊ, शिडी!"

पूजेच्या सामानाचा कप्पा सर्वांत वर, देवीच्या तसबिरीशेजारी होता. तिथे सीलबंद खोकी ओळीने बसली होती, आणि प्रत्येकावर संगणकाने छापलेली चिठ्ठी: अगरबत्ती. मुलाणी गावी गेला असताना बदली माणसाने ती संगणकाच्या सांगण्याबरहुकूम मुकाट तिथे रचली होती. मुलाणीने खोके फोडले. आत काळीभोर, तुकतुकीत रबरी कडी!

"आयला!" तो शिडीवरूनच ओरडला. "आमी गावभर हुडकतोय, आन् ही हितं देवीपाशी बसल्यात!"

काय जल्लोष झाला म्हणता! जोडणीवाले खोकी डोक्यावर घेऊन धावत सुटले. थंड पडलेली जोडणीची ओळ पुन्हा घरघरू लागली. पंपांनी भरलेला ट्रक फाटकाबाहेर पडला, तेव्हा हिशेबनीसापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे टाळ्या वाजवत उभे होते, आणि शर्वाणी सगळ्यांदेखत रडत होती. बाहेरच्या कंपनीला फोन झाला नाही. मालकांनी पेढे मागवले. त्या पेढ्यांची नोंद पेढे अशीच झाली, हेही सांगायला हवे.

खंडेनवमीला इतर यंत्रांबरोबर एआयच्या संगणकालाही झेंडूचा हार पडला. आणि ऐन पूजेच्या वेळी कळले, की कारखान्यात अगरबत्तीची एक काडी नाही. शेजारच्या कारखान्यातून पुडा उसना आणावा लागला.

धूर वर चढत असताना शर्वाणीने विचारले, "सर, तुम्हाला हे आधीच कसं कळलं?"

नीळकंठराव म्हणाले, "अगं, यंत्रानं आपल्याला फसवलं नव्हतं. आपण जे भरवलं, तेच त्यानं ओकलं. आपल्या यादीत साऱ्या जगाच्या वस्तू होत्या, पण न कळण्याला जागा नव्हती. जिथं 'माहीत नाही' म्हटलं की अपमान होतो, तिथं माणूस हाताला लागेल ते पहिलं उत्तर देतो. यंत्रही मग तेच शिकतं, आणि आपल्यापेक्षा फार वेगानं शिकतं. न कळल्याची जागा दिसली, की भरता येते. खोट्या उत्तरानं झाकली, की ती आहे हेच विसरायला होतं."

दिवाळीआधीच्या बैठकीत सगळा कारखाना जमला. नोंदी आरशासारख्या लख्ख झाल्या होत्या आणि मालक खुशीत होते. त्यांनी सर्वांसमक्ष विचारले, "शर्वाणी, आता हे सांगा, याच पद्धतीनं पुढच्या वर्षी आपला खर्च किती उतरेल?"

पूर्वीच्या शर्वाणीने तत्काळ एक आकडा फेकला असता. तो तिच्या ओठांवर आलाही होता. तिने कोपऱ्यात बसलेल्या नीळकंठरावांकडे पाहिले, एक श्वास घेतला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "माहीत नाही, साहेब. नीट बघून मंगळवारी सांगते."

मालकांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग आपल्यापुढचा, अजून तोंडही न लावलेला चहाचा कप त्यांनी हलकेच तिच्यासमोर सरकवला.