पोटुशी मुशी

मत्स्यखात्याचे बेलसरे साहेब बंदरावर बदलून आले ते एक टेप आणि तीन जाडजूड पुस्तकं घेऊन. मोठ्या शार्कची पिल्लं पकडायला बंदी, हा नवा नियम त्यांना तोंडपाठ होता. मासे मात्र त्यांनी ताटातच पाहिले होते. लिलाव ऐन रंगात आलेला असताना त्यांनी चांगुणाबाय कोळणीच्या पाटीतल्या हातभर लांबीच्या मुशींना टेप लावली.

"ही शार्कची पिल्लं! पाटी जप्त!"

"सायब, मुशी शार्कच, पण या जातीची एवढीच वाढते."

"हे बघा, पुस्तकातला शार्क पंधरा फुटांचा आहे. तुम्ही मला शार्क शिकवणार?"

लिलाव थांबला. चांगुणाबायने वाद घातला नाही. तिने चार-पाच मुशींच्या पोटांवरून अंगठा फिरवला, त्यातली एक फुगीर निवडली आणि सुरीने अलगद चिरली. पोटातून निघालेली बोटाएवढी आठ पिल्लं तिने साहेबांच्या उघड्या पुस्तकावर ओळीने मांडली.

"बरं सायब, तुमचंच खरं. ही मुशी पिल्लूच. माझी पाटी खुशाल न्या. पण आधी एवढ्याशा पोरीचं लगीन लावलं कुणी, त्याला धरा!"

चांगुणाबायच्या पाटीपासून लिलाव पुन्हा सुरू झाला, तेव्हा साहेब रुमालाने पुस्तक पुसत होते.