सतरा दोरे

दोष उरकुडा महाजनाचा होता. गावातले म्हातारे अजूनही वनदेवीचा कोप झाला, ग्रह फिरले, असं काहीबाही सांगतात. ग्रहबिह काही फिरले नव्हते. एका माणसाला अक्कल नव्हती आणि बाकीच्यांनी तोंड उघडलं नाही, एवढंच.

वैनगंगेकाठचं रान इतकं दाट होतं की कोंबड्याला भर दुपारीही पहाट झाल्यासारखं वाटायचं, तेव्हाची ही गोष्ट. त्या रानाच्या कडेला येनटोला नावाची वस्ती होती. लोक नदीत मासे धरायचे आणि रानात कोसा पाळायचे. कोसा म्हणजे रानातलं रेशीम. ऐनाच्या झाडावर हिरव्या अळ्या सोडायच्या, त्यांनी पाला खायचा, स्वतःभोवती कोष विणायचा. त्यातले चांगले कोष बेणं म्हणून माळा करून ठेवायचे. मग मृगाच्या आधी एका संध्याकाळी कोषाचं टोक ओलं होतं आणि आतून तळहाताएवढं पाखरू बाहेर येतं.

त्या पाखराला तोंडच नसतं. ते खात नाही, पीत नाही, सात-आठ दिवस जगतं. मादी पिवळी, नर विटकरी, आणि दोघांच्याही पंखांवर चार-चार डोळे. दिवसा ते पानाआड गप्प असतं. अंधार पडला की मादी एका जागी बसून राहते. तिच्या अंगाचा वास माणसाला येत नाही, पण नराला चार कोसांवरून येतो, असं म्हणतात.

म्हणून जुनी रीत अशी होती, की मादीला पंखाच्या मुळाशी दोरा बांधून ऐनाच्या फांदीवर बसवायचं. रानातला नर आपला आपण यायचा.

उरकुडा जातीचा महाजन झाला, म्हणजे पंचांतला पहिला, आणि त्यानं ही रीत मोडली. घरची मादी रात्रभर बाहेर बसते आणि कुठचा कोण नर येतो, हे त्याला शोभेना. त्यानं बेण्याच्या सगळ्या माळा आपल्याच घरात आढ्याला टांगल्या. पाखरं निघाली की दार लावून घ्यायचा आणि घरच्या माद्या घरच्याच नरांना द्यायचा. वर बायांनी कोशाच्या रानात पाऊल टाकायचं नाही, असंही ठरवून टाकलं. पंचांनी माना डोलावल्या. तेवढं काम त्यांना चांगलं जमायचं.

पहिल्या वर्षी काही बिघडलं नाही. तिसऱ्या वर्षी कोष बोराएवढे झाले. पाचव्या वर्षी अळ्या काळ्या पडून फांदीला उलट्या लोंबायला लागल्या. उरकुडानं कोंबडं दिलं, मग बकरं दिलं, मग बायांना दोष दिला. सातव्या वर्षी बेण्याला सतरा माद्या उरल्या. यंदाही कोसा गेला तर वस्ती उठणार होती. लोकांनी गाडगीमडकी गोधडीत बांधून दाराशी ठेवली होती.

उरकुडाची धाकटी सून पैका. तिच्या माहेरी मादी अजून बाहेरच बांधत. तिनं सासऱ्याला पाणी देता देता विचारलं, "मामाजी, आपल्यात एका कुळात सोयरीक होते का जी?"

"नाही होत."

"मंग पाखरायची कशी होते? सात वर्सं झाली, बहिणी भावायलेच देऊन राह्यले तुमी."

उरकुडानं तांब्या खाली ठेवला. "आपल्या घरची मादी रातच्याले बाहेर बसत नाही," तो म्हणाला. "अन् सूनही नाही."

पाखरं निघाली त्याच संध्याकाळी पैकानं सतराही माद्या टोपलीत घातल्या आणि मागच्या दारानं रान गाठलं. पकडली गेली तर पंच वाळीत टाकणार, नवऱ्याचं घर बंद होणार, हे तिला ठाऊक होतं. दोरा आणायचा राहिला होता. तिनं लुगड्याचा काठ उसवला, सतरा दोरे काढले, एकेक मादी ऐनाला बांधली आणि बुंध्याशी बसली. दिवा लावला नाही. दिवा असला की नर मादी सोडून त्याच्याभोवतीच फिरत बसतो.

मध्यरात्री उरकुडा पंचांना घेऊन आला. प्रत्येकाच्या हातात पेटती चूड. मागून वस्तीतल्या बायाही आल्या, त्यांना कोण थांबवणार?

आणि तेवढ्यात नर आले. एक नाही, दहा नाही. नदीपलीकडच्या डोंगरातून आले, असं म्हणतात. त्यांच्या पंखांच्या वाऱ्यानं सगळ्या चुडी विझल्या, असं म्हणतात. उशिराचा चंद्र वर आला तेव्हा ऐनाचं एक पान दिसत नव्हतं. नुसते डोळे, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. पैकाच्या केसांवर, खांद्यांवर, हातांवरही पाखरं बसली होती. झाड कुठं संपतं आणि सून कुठं सुरू होते, ते उरकुडाला कळेना. तिला ओढून न्यायला त्यानं हात पुढं केला, पण धरायचं काय?

तेव्हा त्याची बायको फुंदाबाई म्हणाली, "महाजन, वरात आली. आता पाव्हण्यायले हाकलता का?"

आधी एक बाई हसली, मग सगळ्या, मग पंचसुद्धा. सात वर्षांत येनटोल्यात कुणी असं हसलं नव्हतं.

पैका दुसऱ्या संध्याकाळपर्यंत हलली नाही, कारण जोडी लागलेली असताना झाड हलवायचं नसतं. नवव्या दिवशी अंडी फुटली. अळ्या काळ्या पडल्या नाहीत. त्या इतक्या खात होत्या की रानातून जाताना पाला कुरतडल्याचा आवाज येई, आणि लोक मुद्दाम तिथं जाऊन उभे राहत. कोष कोंबडीच्या अंड्याएवढे झाले, असं म्हणतात. दाराशी ठेवलेली गाठोडी सुटली. मडकी चुलीवर चढली. पैकाला वाळीत टाकायचा विषयही कुणी काढला नाही.

येनटोल्यात अजून रीत आहे. पाखरं निघाली की पहिली मादी घरच्या सुनेनं बांधायची, आपल्याच लुगड्याच्या दोऱ्यानं, आणि दोरा बांधताना पैकाचं नाव घ्यायचं. त्या रात्री वस्तीत दिवा लागत नाही. आता विजेचे खांब आलेत, तरी त्या रात्री सगळे बल्ब बंद असतात. सून कितीही उशिरा घरी आली तरी कुणी विचारत नाही, कुठं होतीस.

उरकुडा त्यानंतर एकोणीस वर्षं जगला. पंचांत त्याला कुणी एकही गोष्ट विचारली नाही.