शेल्याच्या दिवशीचा चेहरा

कोणे एके काळी, आरसे फक्त राजवाड्यात असत आणि बाकीची माणसं परातीतल्या पाण्यात तोंड बघत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि दमून आल्यावर तसंच आडवं होणाऱ्या मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

एका राज्यात एक बहुरूपी होता. जत्रेचा महिना आला की बायकोला आणि गाढवाला घेऊन तो राजधानीच्या वेशीबाहेर पाल ठोकी आणि रोज नवं सोंग घेऊन शहरात फिरे. आज राक्षस, उद्या जोगीण, परवा कोतवाल. शेवटच्या दिवशी मात्र रंग न लावता, स्वतःच्या तोंडानं राजासमोर उभं राहायचं, अशी रीत होती. राजा चेहरा नीट बघे आणि ओळख पटली की खांद्यावर शेला घाली. ज्याला शेला, त्यालाच पुढच्या जत्रेत सोंगं काढायची परवानगी. हा मान त्याच्या बापापासून चालत आलेला. म्हातारा जाताना एवढंच म्हणाला होता, की पोरा, शेला घरातून जाऊ देऊ नकोस.

आता बहुरूप्याचं काम लोकांना वाटतं मजेचं. उन्हातान्हात नाचायचं, घसा फुटेतो ओरडायचं, वर पोरांचे खडे खायचे. संध्याकाळी पालात येईतो त्याच्या अंगात त्राण उरत नसे. बायकोनं नदीवरून पाणी आणून कोमट करून ठेवलेलं असे. शेजारी तेलाची वाटी आणि मसुराचं पीठ. आधी रंग उतरवा, मग निजा, असं ती रोज सांगे. त्या वाटीकडे बघूनच त्याला रडू येई.

"उद्या परत रंगच फासायचा आहे ना गं," तो म्हणे, "मग आज उतरवून काय मिळवायचं?"

आणि तो रंगासकट निजे. सकाळी ते पाणी गाढव पिऊन टाकी. बायकोच्या जिवाला लागे, कारण नदी काही दाराशी नव्हती. पण तीही थकलेलीच. थकल्या माणसानं थकल्या माणसाशी भांडावं तरी किती?

शिवाय बहुरूप्याला एक भलताच शोध लागला होता. कालच्या रंगावर आजचा रंग म्हणे जास्त घट्ट बसतो! बसायचाच. पण खाली कातडीला श्वास घ्यायला जागा कुठे? आधी खाज सुटली, मग पुळ्या आल्या. पुळ्या झाकायला त्यानं थर जाड केला, तशा थराखाली आणखी पुळ्या आल्या. बाहेर कुणाला पत्ता लागला नाही. राक्षसाच्या तोंडाखाली काय चाललंय, हे कोण बघायला जातंय?

अखेर शेल्याचा दिवस उजाडला. बायको पाण्याला गेली होती. बहुरूपी रंग काढायला बसला, तर महिनाभराचा रंग डिंकासकट वाळून खपली झालेला. तेल लावून वाट बघायला त्याच्याकडे वेळ नव्हता. त्यानं चुलीतली राख घेतली, टाचा घासायची वज्री घेतली, आणि खसाखसा तोंड घासलं. रोग परवडला पण औषध नको, अशी गत झाली. रंग निघाला, पण सोबत सालपटंही निघाली.

बायको घागर घेऊन आली आणि बघतच राहिली.

"अहो, चेहरा होता तो," ती म्हणाली, "तव्याचं बूड नव्हतं."

पण तोवर दरबाराचा नगारा झाला होता. तो तसाच निघाला.

दरबारात तो उभा राहिला मात्र, माना वळल्या. लालबुंद सुजलेले गाल, फुटलेल्या पुळ्या, डोळ्यांच्या नुसत्या फटी. आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. काय हुबेहूब रोग्याचं सोंग आणलंय, असं जो तो म्हणू लागला. राजाही खूश झाला.

"आजवरचं हे तुझं सगळ्यांत उत्तम सोंग," राजा म्हणाला. "आता उतरव आणि शेला घे."

"महाराज, हे सोंग नाही. हा माझाच चेहरा आहे."

लोक आणखीच हसले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते गालांवर मिठासारखं झोंबलं. त्या रडण्यालाही टाळ्या पडल्या. बिचाऱ्यानं परत परत तेच सांगितलं. शेवटी राजा कंटाळला.

"शेला माणसाला मिळतो, सोंगाला नाही," तो म्हणाला. "माणूस घेऊन ये. शेला इथंच आहे."

बहुरूपी पालात परतला आणि बायकोसमोर मटकन बसला. "हे उतरत नाही गं," एवढंच बोलला. ती रागावली नाही. तिनं मऊ फडकं भिजवून, न घासता, त्याचं तोंड टिपून काढलं.

पुढचं वर्ष त्यांनी गावोगाव दोर वळून काढलं. रंगाला त्यानं हात लावला नाही. जखमा भरल्या, तसा तो रोज संध्याकाळी हळू हातानं तेल लावी, दुधात कालवलेल्या पिठानं ते उतरवी, कोमट पाण्यानं धुई आणि टिपून कोरडं करी. कंटाळा रोज यायचा. तो काही गेला नाही, हे मुद्दाम सांगतो. पण आता तो आधी तोंड धुई आणि मग कंटाळा करी.

पुन्हा शेल्याचा दिवस आला. बहुरूपी दरबारात जाऊन उभा राहिला. गालांवर चार वण राहिले होते, ते कायमचेच. बाकी चेहरा स्वच्छ होता. राजानं बराच वेळ निरखून पाहिलं.

"हा माणूस आहे," राजा म्हणाला. "कपाळ तर थेट बापाचं."

आणि त्यानं शेला त्याच्या खांद्यावर घातला.

संध्याकाळी बहुरूपी पाय ओढत पालात आला. बायकोनं वाटी पुढे सरकवली. आज रंग कुठे होता, असं तो कुरकुरला. ती म्हणाली, रस्त्याची धूळ होती की. तो उसासा टाकून उठला आणि बापाचं ते कपाळ त्यानं हलक्या हातानं धुतलं. गाढवाला मात्र पाण्यासाठी नदीवर जावं लागलं.

तात्पर्य : थकवा झोपेनं जातो, तोंडावरचा मळ जात नाही, म्हणून निजण्याआधी तोंड धुवावं, आणि तेही मायेनं.