हेमांगीचे तीन शिष्य

सात डोंगरांपलीकडच्या एका राज्यात राजकन्या कुमुदिनी शिळा होऊन पडली होती. भुजंगनाथ मांत्रिकाचा शाप, दुसरे काय! उतारा असा : पोपटाने मंत्र म्हणावा, अस्वलाने शिळेवर थेंब थेंब अमृतरस ओतावा, आणि दगडात जीव आला हे ओळखून हंसाने ‘थांब’ म्हणावे. एक थेंब जास्त झाला, की शिळेची माती. माणसाने हात लावायचा नाही.

राजाने आचार्या हेमांगीला बोलावले. “आचार्ये, तिघांना शिकवा. मला एकच लेक आहे.”

हेमांगीने तिघांना समोर बसवून असे व्याख्यान दिले, की भोवतालच्या झाडांनी माना डोलावल्या. शेवटी तिने विचारले, “समजले?”

“समजले!” तिघे एका सुरात म्हणाले. अहो, नाही कोण म्हणतो?

शापात एक हरिणही शिळा झाले होते. आधी त्यावर परीक्षा झाली. पोपट मंत्रात अडखळला, अस्वलाने रस भसकन ओतला, हंस नुसता बघत राहिला. हरिणाची माती झाली. राजाने तिघांकडे रागाने पाहिले.

“चूक त्यांची नव्हे, महाराज,” हेमांगी म्हणाली. “मला बोलणे सोपे जाते, म्हणून मी बोलत राहिले.”

मग पोपटाकडून तिने एकेक चरण घोकून घेतला. अस्वलाचा पंजा धरून नदीकाठी नुसते पाणी ओतायला शिकवले, आणि एके दिवशी हळूच हात काढून घेतला. हंसाला मात्र काहीच सांगितले नाही. चुलीवर दूध ठेवून विचारले, “कधी उतरवू?” दूध उतू गेले. ती रागावली नाही. पुन्हा दूध ठेवले.

अखेर शिळेपुढे मंत्र घुमला. थेंब पडू लागले.

“थांब!” हंस ओरडला.

“अरे, अजून दगडच आहे! ओत!” राजा कळवळून म्हणाला.

अस्वलाने हंसाकडे पाहिले आणि घडा सरळ केला. शिळेच्या पापणीखाली काहीतरी हलले. कुमुदिनीने श्वास घेतला, आणि “बाबा” म्हणाली.

राजाने लेकीला उराशी धरले, मग धावत जाऊन अस्वलाचे पाय धरले. अस्वल बिचारे लाजून मागे सरले आणि हेमांगीकडे वळले.

“बाई, माझा पंजा धरलात, त्याचे उपकार आहेतच. पण सोडलात, त्याचे जास्त.”

हेमांगीने तो केसाळ पंजा कपाळाला लावला आणि पोटभर रडली.